'म्हणती' आणि 'म्हणे' : कवितेतला सत्तासंघर्ष कुठे शोधायचा?

एम.ए.ला मराठी घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. सत्ता आणि संघर्ष या विषयावरच्या कवितांबद्दल लिहायला बसलं की तिचं प्रत्येक उत्तर 'कवीने अन्यायाविरुद्ध आवाज उठवला आहे' या एकाच वाक्यापाशी येऊन थांबतं. कवी हे भाषेतून आणि रचनेतून नेमकं कसं करतो आणि वाचणाऱ्याने ते कसं ओळखायचं, असं ती विचारते.

तुमची अडचण खरी आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षं कविता शिकवली आणि ते वाक्य हजारो उत्तरपत्रिकांत वाचलं. ते चूक नसतं, पण ते कुठल्याही कवितेला चिकटवता येतं. आपण थेट आशयाकडे धावतो म्हणून असं होतं. आशय तर भाषणातही असतो, अग्रलेखातही असतो. कवितेत संघर्ष आधी व्याकरणात होतो, छंदात होतो, यमकात होतो. म्हणून मी कविता हातात घेतली की पहिल्यांदा एकच पाहतो: इथे बोलतंय कोण आणि बोलण्याचा हक्क कोणाकडे आहे? मराठीत हे पाहायला एक क्रियापद फार उपयोगी पडतं, 'म्हणणे'.

सोयराबाईंचा अभंग घ्या. चोखामेळ्यांची पत्नी, चौदाव्या शतकातली संत.

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला ।
सोंवळा तो झाला कवण धर्म ॥

पहिल्या ओळीत 'देहासी विटाळ आहे' असं त्या म्हणत नाहीत. 'म्हणती' असं म्हणतात. एवढ्या एका क्रियापदाने विटाळ देहातून उचलून लोकांच्या तोंडात नेऊन ठेवला. विटाळ ही वस्तुस्थिती राहिली नाही, ते एक म्हणणं झालं, आणि म्हणणं खोडता येतं. पुढचा शब्द 'सकळ'. कोणा एका भटजीचं, पाटलाचं नाव नाही. जातीची सत्ता अशीच चालते, तिला एक चेहरा नसतो, सगळेच म्हणतात. सोयराबाईंनी शत्रूचं नाव टाळलं असं वाचू नका, शत्रूचं खरं नाव त्यांनी सांगितलं आहे.

आता कानाने ऐका. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. इथे 'सकळ' आणि 'निर्मळ' जुळतात, तेवढी छंदाची अट आहे. पण पहिला चरणही 'विटाळ' या शब्दावर, त्याच 'ळ'वर संपतो. विटाळ, सकळ, निर्मळ. ज्या दोन शब्दांमध्ये समाजाने भिंत घातली ते 'विटाळ' आणि 'निर्मळ' एका नादात आले. बुद्धीने युक्तिवाद पुरा करायच्या आत कानाने तो मान्य केलेला असतो.

दुसऱ्या कडव्यात 'झाला' पाहा. सोवळा 'आहे' असं नाही, सोवळा 'झाला'. म्हणजे कधीतरी नव्हता. आणि 'विटाळ' हा शब्द जातीपुरता नाही. मराठीत बाईच्या पाळीलाही विटाळच म्हणत. पुढे याच अभंगात त्या विचार मांडतात की विटाळावाचून कुठलाही देह निर्माण होत नाही. एका स्त्रीने, तेही अस्पृश्य ठरवलेल्या जातीतल्या स्त्रीने, दोन्ही विटाळ एका शब्दात धरून सगळ्या सोवळ्या देहांना त्यांच्या जन्माची आठवण करून दिली आहे.

आणि मग शेवट येतो: 'देहींचा विटाळ देहींच निर्धारी । म्हणतसे महारी चोखियाची ॥' सुरुवात 'म्हणती सकळ', शेवट 'म्हणतसे महारी'. तेच क्रियापद. तिकडे अनेकवचन, इकडे एकवचन. सगळे जे म्हणतात त्यासमोर एक बाई काय म्हणते ते येऊन उभं राहिलं, आणि अभंगाचा शेवटचा शब्द तिच्याकडे गेला. ज्या जातिनामाने तिला हिणवलं जात होतं ते नाव तिने स्वतःच्या तोंडाने, स्वतःची सही म्हणून उच्चारलं. एका वर्गात मी हा अभंग एका मुलीला मोठ्याने वाचायला दिला होता. 'महारी'पाशी ती अडखळली आणि मग तो शब्द तिने पुन्हा, आधीपेक्षा ठामपणे वाचला. त्या दिवशी मी पुढे काही समजावून सांगितलं नाही.

नाममुद्रेचा, म्हणजे अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचं नाव घालतो तो भाग म्हणूनच इतका महत्त्वाचा आहे. आपण 'तुका म्हणे' हे शेपूट असल्यासारखं वाचतो. ज्या समाजात ग्रंथाचा अर्थ सांगायचा अधिकार जन्माने मिळत होता, तिथे एका कुणब्याने, वाण्याचा धंदा करणाऱ्या माणसाने चार-साडेचार हजार अभंगांच्या शेवटी 'म्हणे' हे क्रियापद स्वतःच्या नावापुढे लावलं. प्रत्येक अभंगागणिक तो हक्क त्यांनी पुन्हा बजावला. त्यातला हा एक:

वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा ।
येरांनी वाहावा भार माथां ॥

बोटांवर मोजा, सहा, सहा, सहा, चार बरोबर येतात. यमक कशाचं जुळलंय? 'ठावा' आणि 'वाहावा'. कळणं आणि वाहणं. ज्यांना कळतं ते एका बाजूला, जे नुसतं ओझं वाहतात ते दुसऱ्या बाजूला. तुकोबांच्या काळी ही वाटणी नेमकी उलटी होती: वेद ब्राह्मणांना ठाऊक, डोक्यावर भार वाहायचा तो शूद्रांनी. तुकोबांनी वाटणी तशीच ठेवली आणि माणसं बदलली. आणि शेवटचा चार अक्षरांचा आखूड चरण: 'भार माथां'. आधीच्या तिन्ही चरणांची लय सहाची सवय लावते, चौथ्यात ती दोन अक्षरं आधीच थांबते. माथ्यावर काहीतरी आदळावं तसं ते ऐकू येतं. अभंगातला हा चौथा चरण मला फार मोलाचा वाटतो. युक्तिवाद तीन चरणांत, निकाल चौथ्यात. शिवाय 'आम्हांसीच'मधला 'च' सोडू नका. तो काढला तर ओळ निव्वळ माहिती देते. तो असल्यामुळे ती ताबा घेते.

मात्र रूप हाती घेतलं म्हणजे सत्ता उलटलीच, असं समजू नका. चोखोबांचा 'जोहार' वाचा.

जोहार मायबाप जोहार ।
तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला जाहलों ।
तुमच्या उष्ट्यासाठीं आलों ॥

शेवटी चोखोबा म्हणतात की तुमच्या उष्ट्यासाठी मी पाटी, म्हणजे टोपली, आणली आहे. जोहार ही महारांनी वरच्या जातीच्या माणसाला करायची वंदनाची रीत होती. वतनदार महाराने गावकीची कामं करायची, वेशीवर राखण करायची, निरोप पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची आणि बदल्यात बलुतं व दारोदार भाकरी मागायची, अशी ती व्यवस्था. चोखोबांनी त्याच वंदनाची कविता केली, फक्त समोर पाटलाऐवजी देव आणि संत उभे केले. भक्तीच्या अंगाने वाचलं तर हा नम्रतेचा कळस आहे, उष्टं म्हणजे प्रसाद. पण ती पाटी खरी आहे. ती रोज संध्याकाळी दारोदार फिरत होती. मला स्वतःला या अभंगात दोन्ही एकदम ऐकू येतं, आणि त्यातलं एक निवडून मोकळं व्हावं असं वाटत नाही. याच चोखोबांनी देवाला विचारलंय, 'मज दूर दूर हो म्हणती । तुज भेटूं कवण्या रीती ॥' पुन्हा 'म्हणती'. आणि यमक 'रीती'शी: दूर हो म्हणणं हीच इथली रीत.

पुढे १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टं आणि मृत मांस सोडा असं सांगितलं, १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची ती वतनं संपली. ज्या पिढीने पाटी फेकून दिली तिला हा अभंग जड जाणारच. तुमच्या उत्तरात या नकाराला जागा द्या. अभिजात रचना म्हणून त्याच्यावर पांघरूण घालू नका.

एकनाथांनीही जोहार लिहिले, महाराच्या तोंडून, शरीराला गाव कल्पून. पैठणच्या ब्राह्मणाने महाराची भाषा बोलणं हे सोळाव्या शतकात मोठं धाडस होतं, आणि त्यांच्या भारुडात महार ब्राह्मणाला उत्तर देताना दिसतो, हेही खरं. तरी दुसऱ्याच्या वतीने 'म्हणणं' आणि स्वतः 'म्हणणं' यांत अंतर राहतं. सोयराबाईंच्या 'म्हणतसे महारी'शेजारी नाथांचा महार ठेवून वाचा. नाथांची सहानुभूती खरी आहे, पण सही नाथांचीच आहे.

जोतीराव फुल्यांकडे येऊ, कारण रूपाचा असा जाणीवपूर्वक वापर त्यांच्याआधी मराठीत मला कोणाचा दिसत नाही. अभंगाची चाल त्यांनी घेतली, पण आपल्या रचनांना नाव दिलं 'अखंड'. 'सत्य सर्वांचे आदी घर । सर्व धर्मांचे माहेर', ही चाल वारकऱ्याच्या ओळखीची आहे, पण विठ्ठल नाही, आणि शेवटी 'तुका म्हणे'च्या जागी 'जोती म्हणे'. छंद ठेवायचा, नाव बदलायचं, देव बदलायचा, सही बदलायची. हा वारसा नाकारणं नव्हे आणि मुकाट स्वीकारणंही नव्हे.

१८६९ च्या शिवाजी महाराजांवरच्या पवाड्यात तर त्यांनी याहून धीट पाऊल टाकलं. पवाडा म्हणजे पराक्रमाचं गुणगान, आणि गुणगानाचा कणा असतो बिरुद. अफझलखानाच्या वधावरच्या अज्ञानदासांच्या जुन्या पवाड्यापासून ही परंपरा चालत आलेली. फुल्यांनी वीर तोच ठेवला, शाहिरी थाट तोच ठेवला, पण बिरुद दिलं 'कुळवाडी-भूषण'. 'गोब्राह्मणप्रतिपालक' म्हणून ज्याचा गौरव होत होता तो राजा एका विशेषणाने कुळवाड्यांचा, कसणाऱ्यांचा झाला. विशेषणांवर लक्ष ठेवा, असं मी मुलांना सांगायचो ते यासाठी. इतिहासावर मालकी कोणाची, हा पूर्ण वाद त्या एका जोडशब्दात मावला आहे.

शाहिरीचाच विषय आहे तर अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐकून घ्या, वाचू नका, ऐका. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. लावणीतला विरह, मैनेच्या रूपाचं वर्णन, पोटासाठी मुंबईला आलेला गडी, सगळं ओळखीचं. ऐकणारा तिच्यात पुरता गुंतला की 'तीच गत झाली' म्हणत शाहीर बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावाकडे वळतो. ताटातूट बायकोची होती ती भूमीची झाली. मागणीचा ठराव ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. अण्णा भाऊंनी ते आधी मैनेसाठी आणलं आणि मग नकाशाकडे वळवलं.

केशवसुतांच्या 'तुतारी'बद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यावर लिहिलेलं तुम्हाला भरपूर मिळेल. 'फुंकिन', 'टाकिन' अशी तिची क्रियापदं भविष्यकाळाची आहेत. १८९३ सालच्या त्या माणसाकडे तुतारी अजून आलेली नाही, ती कोणीतरी आणून द्यायची आहे. संघर्ष अजून इच्छेत आहे. हे दोष म्हणून सांगत नाही, काळ म्हणून सांगतो.

मर्ढेकरांकडे आल्यावर मात्र 'कोण म्हणतं?' हा प्रश्नच अडखळतो, आणि ते अडखळणं हाच त्यांच्या कवितेचा विषय आहे.

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;

१९४७ च्या 'काही कविता'मधली ही कविता. क्रियापदं काढून एका कागदावर लिहा: मेले, पडल्या, जगले. सगळी अकर्मक. कोणी मारलं? वाक्यात मारणारा नाही. 'मुरगळल्याविण' हा शब्द मुरगळणाऱ्या हाताची आठवण करून देतो आणि लगेच तो हात नव्हताच म्हणतो. महायुद्धानंतरच्या जगात, यंत्राच्या आणि कारभाराच्या रगाड्यात माणसं अशीच मेली: प्रेतं आहेत, खुनी सापडत नाही. सोयराबाईंच्या 'सकळ'ला निदान तोंड होतं, इथे तेही नाही. 'ओल्या' हे विशेषण 'पिपांत'पासून तुटून पुढे गेलंय, पहिल्या वाचनाला ते कोणाचं तेच कळत नाही. शब्दांचीही माणसांसारखीच फाटाफूट झालेली. आणि हे सगळं आठ-आठ मात्रांच्या, पाळण्यासारख्या हलणाऱ्या ओळीत. मोडलेल्या आशयासाठी मर्ढेकरांनी लय मोडली नाही. लय शाबूत ठेवली म्हणून अंगावर काटा येतो. याच संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले.

नारायण सुर्व्यांनी अभंग गिरणगावात आणला. 'ऐसा गा मी ब्रह्म । विश्वाचा आधार । खोलीस लाचार । हक्काचिया.' सहा, सहा, सहा, चार. यमक पाहा: 'आधार' आणि 'लाचार'. आणि 'हक्काचिया' हे संतांच्या वळणाचं रूप, पण हक्काच्या खोलीसाठी, चाळीतल्या दहा बाय दहासाठी. अद्वैताचा 'मी' आणि बिऱ्हाड नसलेला 'मी' एकाच कर्त्यात. रस्त्यावर सापडलेल्या आणि एका गिरणीकामगाराने वाढवलेल्या मुलाने हे लिहिलं, हे माहीत असलं तर चांगलंच, पण ते माहीत नसतानाही 'लाचार' हा शब्द आपलं काम करतो.

आता नामदेव ढसाळ. 'गोलपीठा' १९७२ चा, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह, आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना. या संग्रहाबद्दल विद्यार्थी हमखास 'शिवराळ भाषा' आणि 'मुक्तछंद' असे दोन शब्द लिहितात आणि थांबतात. तिथे थांबू नका. 'माणसाने' या कवितेची पहिली ओळ पाहा: 'माणसाने पहिल्या प्रथम स्वतःला पूर्ण अंशाने उद्ध्वस्त करून घ्यावे'. क्रियापद 'घ्यावे'. विध्यर्थ, म्हणजे काय करावं ते सांगणारं रूप. पुढे ओळीमागून ओळ 'अमुक करावे, तमुक करावे' अशीच येते.

मराठीत हे 'आवे' कोण वापरतं? धर्मशास्त्र वापरतं, शाळा वापरते, सरकारी फलक वापरतो: रांगेत उभे राहावे, येथे थुंकू नये. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी दिवेलागणीला म्हटलेलं समर्थांचं 'जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें । जनीं वंद्य तें सर्व भावें करावें' वापरतं. ते शिस्तीचं, उपदेशाचं क्रियापद आहे. त्यात हुकूम असतो पण हुकूम देणारा दिसत नाही. ढसाळांनी नेमकं तेच उचललं. 'जनीं निंद्य' ते ते सारं 'करावे' या एकाच साच्यात ओतलं. नीतीचं व्याकरण जसंच्या तसं ठेवून नीती उलटी केली. शिव्या वाचून दचकणारा वाचक खरं तर या क्रियापदाने दचकलेला असतो, त्याला ते उमगत नाही एवढंच. कारण शिवी त्याने रस्त्यावर ऐकलेली असते. शिवीला 'करावे'च्या पाटावर बसलेलं त्याने कधी पाहिलेलं नसतं.

ही कविता विध्वंसावर संपत नाही. शेवटाकडे ती माणसावर सूक्त रचण्यापाशी, माणसाचंच गाणं गाण्यापाशी येते. 'सूक्त' हा वेदाचा शब्द. तुकोबा ज्या वेदाच्या अर्थाबद्दल बोलत होते त्याचाच. आणि या विध्यर्थाचा कर्ता सुरुवातीपासून 'माणसाने' हाच आहे: ब्राह्मणाने नाही, महाराने नाही. सोयराबाईंनी सही म्हणून जातीचं नाव घेतलं, ढसाळांनी तिथे माणूस घातला. या दोन्हींच्या मधली सहाशे वर्षं लक्षात ठेवून हे वाचा.

एक इशारा. ढसाळांनंतर मुक्तछंद आणि शिवी हीच विद्रोहाची खूण ठरली आणि त्या खुणेवर पुष्कळ पातळ कविता निघाली. मुक्तछंद आपोआप बंडखोर नसतो, अभंग आपोआप पारंपरिक नसतो. वर दिलेल्या कवितांपैकी बहुतेक छंदात आहेत आणि त्या भल्याभल्या मुक्तछंदांपेक्षा जास्त धारदार आहेत. म्हणून 'कवीने मुक्तछंद वापरून बंधनं झुगारली' हे वाक्य कृपा करून लिहू नका. कोणतं बंधन, ते कोणी घातलं होतं, आणि कोणत्या अक्षरापाशी तुटलं, हे दाखवता आलं तरच त्याला अर्थ आहे.

तुम्ही आता काय करावं? निवडलेली कविता मोठ्याने तीनदा वाचा. क्रियापदांखाली रेघ मारा, त्यांचे कर्ते शोधा, कर्ता सापडत नसेल तिथे खूण करा. यमकात कोणते दोन शब्द जवळ आणलेत ते वेगळं लिहा. मग एकच शब्द बदलून पाहा. सोयराबाईंच्या ओळीत 'म्हणती'च्या जागी 'असतो' घालून वाचा, किंवा ढसाळांच्या 'घ्यावे'च्या जागी 'घेतो'. जे हरवल्यासारखं वाटेल त्याबद्दल लिहायला सुरुवात करा. दया पवारांचा 'कोंडवाडा' तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर आधी तो शब्द गावात कशासाठी वापरत ते घरातल्या मोठ्यांना विचारा: मोकाट गुरं कोंडायची जागा. मग त्या कवितेत कोण आत आहे आणि बाहेरून कडी कोणी घातली, हे पाहत पहिली ओळ वाचा.